सहा चमचे दिले, चार परत आले

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले होते की माझा एक सामानसुमानासकटचा फ्लॅट आहे आणि गेली 11 वर्षं तो मी महिना, तीन महिने अशा थोड्या मुक्कामाला येणाऱ्यांना भाड्याने देते. बास, एवढं एकच वाक्य. त्यावर इतकी पत्रं आली की वाटलं सगळे कोणीतरी विषय काढायचीच वाट बघत बसले होते. काही पत्रांची भाषा छापण्यासारखी नाही (भाडेकरूंबद्दल हो, माझ्याबद्दल नाही, निदान बहुतेक ठिकाणी तरी). त्यातली निवडक घेतलीत. नावं कोणाचीच देत नाहीये, तुमचे भाडेकरूही हे सदर वाचत असतील.

प्रश्न: ताई, सासूबाई गेल्यानंतर त्यांचा फ्लॅट आम्ही जसाच्या तसा ठेवला आणि भाड्याने द्यायला लागलो. त्यांचा लाकडी पलंग, त्यांची भांडी, पडदे, सगळं तेच. दोन वर्षांत 7 जण राहून गेले आणि दरवेळी काहीतरी जातंच. सहा चमचे दिले तर चार परत येतात, नॉनस्टिक पॅन तारेच्या घासणीने घासून पांढरा केलेला, गादीवर कसलातरी डाग, आणि आता ओट्यावर गरम भांडं ठेवल्याचा हा एवढा काळा गोल. डिपॉझिटमधून कापते म्हटलं तर तो माणूस शांतपणे म्हणाला, "ते आधीपासूनच होतं." माझ्याकडे पुरावा काहीच नाही. त्या रात्री मी चक्क रडले, तर नवरा म्हणतो ओट्यासाठी कोणी रडतं का?

उत्तर: रडतं की. मी एका दिव्यासाठी रडले आहे, आणि दिवा काही फार भारी नव्हता, फक्त माझ्या पहिल्या पगाराचा होता. पण त्या दिव्यानंतर मी एक गोष्ट केली जी तुम्ही या आठवड्यातच करा असं मी सांगेन. एक रिकामं खोकं घेऊन फ्लॅटमधून फिरा आणि प्रत्येक वस्तूसमोर उभं राहून स्वतःला विचारा, उद्या ही फुटली तर मी नुसती चिडेन की मला वाईट वाटेल? वाईट वाटणार असेल तर ती खोक्यात, आणि खोकं तुमच्या राहत्या घरी. सासूबाईंचा पलंगसुद्धा. तुम्ही भाड्याने फ्लॅट देताय असं तुम्हाला वाटतंय पण खरं तर सासूबाईंचं घर देताय, आणि समोरच्याला ते माहीतच नाहीये, त्याच्या दृष्टीने तो एक पलंग आहे ज्यावर ओला टॉवेल टाकता येतो.

आता "आधीपासूनच होतं" बद्दल. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचा रागही येत नाही, कारण निम्म्या वेळा ते खरं असतं. आधीच्या माणसाने केलेलं आपल्या लक्षात आलेलं नसतं आणि सापडतो नंतरचा. म्हणून एकाचा मुक्काम संपल्यावर आणि दुसऱ्याचा सुरू व्हायच्या आत, प्रत्येक वेळी, कंटाळा न करता, व्हिडिओ काढायचा. फिरत फिरत हॉल दाखवणारा नाही, तो जाहिरातीला ठीक आहे. ड्रॉवर उघडून, चमचे मोजता येतील असा, ओव्हनचं दार उघडून, फ्रीजच्या आतून, सिंकच्या खालून, चादर काढून उघड्या गादीचा दोन्ही बाजूंनी, ओटा खिडकीच्या उजेडात तिरका, कारण समोरून चरे दिसतच नाहीत, आणि शेवटी विजेचा मीटर आकडे वाचता येतील इतक्या जवळून. माझी साधारण बारा मिनिटं जातात. मग तो व्हिडिओ आणि सामानाची यादी त्याच दिवशी भाडेकरूला मेसेजवर पाठवायची आणि लिहायचं की 48 तासांत काही तुटकं-फुटकं दिसलं तर फोटो पाठवा, त्याचा हिशोब तुमच्यावर येणार नाही. ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे हां. माणूस आपणहून सांगायला लागतो. मला एकाने पाठवलेल्या फोटोत कपाटामागची ओल दिसली होती जी मला तीन वर्षांत दिसली नव्हती.

आणि कापायचं किती, यात घरमालकही गडबड करतात, मीही केलीये. वापराने जे होतं ते झीज, त्याचे पैसे मागायचे नाहीत. सोफ्याचं कापड बसून बसून विटलं, भिंतीचा रंग फिका झाला, टेबलाच्या कडा गुळगुळीत झाल्या, हे भाड्यातच आलं. सिगारेटने भोक पडलं, कापड फाटलं, ओटा जाळला, हे नुकसान. पण नुकसान झालं म्हणून नव्याकोऱ्या वस्तूची पूर्ण किंमत मागणंही बरोबर नाही. समजा सोफा 10 वर्षं टिकेल असा होता, तुमचा 6 वर्षं वापरून झालाय आणि तो याने फाडला, तर त्याने खाल्ली उरलेली 4 वर्षं, म्हणून किमतीच्या 40 टक्के मागा. हा हिशोब कागदावर मांडून दाखवला की भांडण निम्मं होतं, आणि प्रकरण पुढे कुठे गेलंच तरी तिथेही साधारण असंच बघितलं जातं. त्यासाठी खरेदीची बिलं मात्र जपून ठेवायला लागतात, नुसतं "महाग होता हो" चालत नाही.

चमच्यांचं सोडून द्या. खरंच. चमचे चोरीला जात नाहीत, ते डब्याबरोबर ऑफिसला जातात आणि कचऱ्याबरोबर डब्यात जातात. एकदम साधे, सुटे मिळणारे, कुठलीही नक्षी नसलेले चमचे घ्या म्हणजे दोन गेले की दोन आणता येतात, सेटची वाट लागत नाही. नॉनस्टिक तर त्या फ्लॅटमध्ये ठेवूच नका, स्टीलचं ठेवा, घासा किती घासायचं ते. गादीला पाणी आत न जाणारं, पूर्ण चेन असलेलं कव्हर घाला, वरची नुसती चादरीसारखी शीट नाही. आणि चमच्यांचं एक सांगायचं राहिलं, माझ्या ड्रॉवरमध्ये आत्ता तीन चमचे असे आहेत जे मी कधीच घेतलेले नाहीत.

प्रश्न: फ्लॅट दोन महिने रिकामा होता, तरी भाडेकरू यायच्या आधी सगळं घासून पुसून, सुवास वगैरे मारून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज, बाथरूमला गटारासारखा वास येतोय, आम्ही चाललो, पैसे परत करा. मी गेले तर खरंच वास येत होता!! प्लंबर म्हणतो पाइप फोडून बघायला लागेल.

उत्तर: थांबा, फोडू नका काही. आधी एक बादली पाणी आणा. बाथरूमच्या जाळीखाली, बेसिनखाली, सिंकखाली पाइपला जो वाक असतो ना, त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि तेच झाकणाचं काम करतं, खालच्या गटारातली हवा त्याच्यामुळे वर येत नाही. नळ बंद, माणूस नाही, की काही आठवड्यांत ते पाणी वाळतं आणि मग गटार थेट तुमच्या बाथरूममध्ये उघडतं, वास येतो, झुरळंही येतात. तुम्ही फरशी पुसली असेल पण जाळीत पाणी ओतलं नसेल. प्रत्येक जाळीत एकेक मग पाणी ओता, खिडकी उघडा, आणि तासाभराने बघा. तरीही वास राहिला तर मग प्लंबरचं ऐकू. पुढच्या वेळी फ्लॅट जास्त दिवस बंद ठेवणार असाल तर पाणी ओतून वर चमचाभर खायचं तेल सोडा, तवंग बसला की पाणी हळू उडतं.

याच्याच जोडीला दुसरं एक, जे वासापेक्षा जास्त गंभीर आहे आणि लोकांना माहीतच नसतं. बरेच दिवस पाइपात पडून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, साधारण 20 ते 45 डिग्रीमधलं पाणी त्यांना मानवतं, आणि शॉवरच्या तुषारांमधून ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. त्यामुळे रिकाम्या फ्लॅटमधले सगळे नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडायचे, गरम आणि गार दोन्ही, शॉवर सोडताना तुषार अंगावर घेत उभं राहायचं नाही, आणि पाणी साठवणारा हीटर असेल तर तो 60 डिग्रीवर ठेवायचा. मात्र 60 डिग्रीचं पाणी हात पोळवतं, तेव्हा लहान मुलं असलेलं कुटुंब येणार असेल तर त्यांना आधी सांगा किंवा नळाला गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. फ्रीज बंद करून जाताना दार उघडं ठेवा, वॉशिंग मशीनचंही.

पैसे परत करायचे का? करा. तुमची चूक होती, माहीत नसलेली का होईना.

प्रश्न: भाडेकरूने हातावरचे लाल चट्टे दाखवले आणि म्हणते तुमच्या गादीत ढेकूण आहेत. आमच्याकडे कधीच नव्हते, तिनेच आणले असणार तिच्या बॅगेतून. तिच्याकडून औषध फवारणीचा खर्च घेऊ शकते का?

उत्तर: कोणी आणले हे सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे, आणि तुम्ही जितके दिवस त्यावर वाद घालाल तितके दिवस ते अंडी घालतील. चट्ट्यांवरून तारीख कळत नाही, काहींना चावल्याबरोबर उठतात, काहींना बऱ्याच दिवसांनी आणि काहींना काहीच उठत नाही. ढेकूण जेवल्याशिवाय कित्येक महिने जगतात, त्यामुळे आधीच्या आधीच्या माणसाचेही असू शकतात. आणि हे अस्वच्छतेचं लक्षणही नाही, त्यांना तुमची फरशी किती चकचकीत आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, ते सामानातून येतात आणि जिथे माणूस झोपतो तिथे राहतात. ज्या घरात दर महिन्याला नवीन बॅगा येतात तिथे हे कधीतरी होणारच.

गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, डोक्याकडची फळी, तिथे टॉर्च मारून बघा. शाईचे ठिपके सांडल्यासारखे काळे डाग दिसले, फिकट सालपटं दिसली, की आहेत. मोठा ढेकूण साधारण 5 मिलिमीटरचा असतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कपडे, चादरी 60 डिग्रीला धुवायच्या आणि गरम ड्रायर असेल तर त्यात फिरवायच्या, 50 डिग्रीच्या वर ते टिकत नाहीत. फवारणी जाणकाराकडूनच, आणि एकदा करून भागत नाही, अंडी आठवडा-दहा दिवसांनी फुटतात आणि पहिल्या फवारणीत ती बऱ्याचदा वाचतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी परत बोलवावं लागतं. घाबरून गादी जिन्यातून ओढत खाली नेऊ नका, अख्ख्या बिल्डिंगला ढेकूण वाटाल.

खर्च तुमचा. मी दरवेळी फ्लॅट परत घेताना गादीची शिवण टॉर्चने बघते आणि तेही व्हिडिओत घेते, म्हणजे निदान कोणाच्या मुक्कामानंतर सुरू झालं याचा अंदाज तरी येतो.

प्रश्न: दोघंच राहणार म्हणून सांगितलं आणि शेजारी सांगतात सहा जण आहेत, रात्री दोनपर्यंत दंगा. हॉलमध्ये गुपचूप कॅमेरा बसवावा म्हणतोय, माझंच घर आहे.

उत्तर: नाही हो दादा! घर तुमचं असलं तरी त्या मुक्कामापुरतं राहणं त्यांचं आहे, आणि माणसं राहतात तिथे आत लपवलेला कॅमेरा म्हणजे बहुतेक देशांत सरळ गुन्हा. त्यांच्या दंग्यापेक्षा तुमचंच प्रकरण मोठं होईल. बाहेरच्या दारावर, दिसेल असा, आणि करारात लिहून, एवढंच. त्यापेक्षा करारात माणसांचा आकडा लिहा, जास्तीचा माणूस आला तर काय होणार ते लिहा, आणि शेजाऱ्यांना तुमचा नंबर देऊन ठेवा. शेजाऱ्यांशी गोड राहणं हे कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा भारी पडतं, फक्त त्यांचा फोन रात्री दोनला आला तर उचलायचा हां.

प्रश्न: एक महिन्यासाठी आले होते, "अजून पंधरा दिवस" करत करत पाचवा महिना चालू आहे, आता भाडंही उशिरा देतात. पुढचे लोक बुक केलेले आहेत. वीज तोडली तर जातील असं भाऊ म्हणतो.

उत्तर: भावाला म्हणावं तू गप्प बस. वीज तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर ठेवणं, हे बहुतेक सगळीकडे बेकायदा आहे, आणि तोपर्यंत कायद्याच्या नजरेत बरोबर असलेले तुम्ही एका दिवसात चुकीचे ठरता. दुसरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी ठरावीक काळापेक्षा जास्त राहिलेल्या माणसाला पाहुण्याऐवजी भाडेकरू म्हणून संरक्षण मिळतं, मग नोटीस, मुदत, कोर्ट हे सगळं मागे लागतं. हा काळ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तुमच्याकडे किती आहे ते तिथल्या वकिलाला आजच विचारा, खरं तर पहिल्या "अजून पंधरा दिवस"च्या आधीच विचारायला हवं होतं. पुढच्या बुकिंगवाल्यांना आजच कळवून टाका, त्यांना दारात सामानासकट उभं करून सांगण्यापेक्षा बरं. यापुढे मुदतवाढ तोंडी द्यायची नाही, दरवेळी नवीन तारखेचा कागद, आणि वाढीव दिवसांचं भाडं आधी. दोन मुक्कामांमध्ये दोन-तीन दिवस मोकळे सोडा, ते दिवस वाया गेले असं वाटतं पण त्यातच नळ दुरुस्त होतो.

प्रश्न: रात्री अकराला फोन येतात. वायफाय चालत नाही, गरम पाणी येत नाही, एसी कसा लावायचा. मी वैतागून 14 पानांची माहितीपुस्तिका करून ठेवली, तरी फोन येतातच.

उत्तर: 14 पानं!! मीसुद्धा वाचणार नाही. प्रवासातून थकून आलेला माणूस फक्त ज्या गोष्टीसमोर उभा आहे तिच्यावर चिकटवलेलं वाचतो. गरम पाण्याच्या स्विचवर "गरम पाणी, 15 मिनिटं आधी लावा", राउटरवर पासवर्ड मोठ्या अक्षरात, एसीच्या रिमोटच्या मागे दोन ओळी, मेन स्विच कुठे आहे त्याला बाण. माझे फोन या चिठ्ठ्यांमुळे जे कमी झाले ते झालेच.

दाराला नंबरचं लॉक असेल तर त्याची बॅटरी संपते आणि नेमकी पावसात संपते, म्हणून किल्लीनेही उघडणारं लॉक घ्या आणि एक किल्ली जवळच्या कोणाकडे तरी. धुराचा अलार्म बॅटरी उतरली की दर मिनिटाला टिक टिक करतो, भाडेकरू वैतागून बॅटरीच काढून ठेवतो आणि तुम्हाला कोणी सांगत नाही, तेव्हा दरवेळी बटण दाबून बघा. आणि अलार्मही 10 वर्षांनी बदलायचा असतो, मागे तारीख छापलेली असते. गॅसवर पाणी तापत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लावा, त्या वायूला वास नसतो. आणि हो, तुमचा नेहमीचा घराचा विमा अशा भाडेकरूंच्या काळात लागू आहे का हे कंपनीकडून लेखी घ्या, बऱ्याच पॉलिसीत तो धरत नाहीत.

प्रश्न: मिस्टर म्हणतात हे सगळं बंद करू आणि एखाद्या कुटुंबाला वर्षभरासाठी रिकामा फ्लॅट देऊन टाकू. मला वाटतं यात पैसे जास्त सुटतात. कोणाचं बरोबर?

उत्तर: वहीत बघा, माझ्या तोंडाकडे नको. थोड्या दिवसांचं भाडं वर्षभराच्या दीडपट मिळतं असं धरा. मग वर्षातले 8 महिने फ्लॅट भरलेला असेल तर दीड गुणिले 8, म्हणजे 12, वर्षभरवाल्याएवढेच झाले की. यात अजून साफसफाई, धुलाई, वीज, वायफाय, मोडतोड, नवीन गादी हे धरलंच नाहीये, आणि तुमचा वेळ तर कोणीच धरत नाही. म्हणजे 9-10 महिने भरत असेल तर विचार करा, नाहीतर मिस्टर जिंकले. मी एक वर्षभर प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवली होती, व्हिडिओ, चादरी, प्लंबरची वाट बघणं सगळं. आकडा बघितल्यावर साफसफाईला बाई ठेवली आणि बुकिंग महिन्याच्या खाली घेणं बंद केलं. फ्लॅट मात्र चालू ठेवला, मला माणसं येतात ते आवडतं, हा काही हिशोब नाही हे मलाही कळतं.

प्रश्न: भाडेकरू मागे ठेवून जातात त्या वस्तूंचं काय करायचं? माझ्याकडे 4 छत्र्या, 11 चार्जर आणि एक गिटार आहे.

उत्तर: फोटो काढून मेसेज टाका, 30 दिवस ठेवतो म्हणून सांगा, करारात आधीच लिहिलेलं असेल तर उत्तम. छत्र्या आणि चार्जर फ्लॅटमध्येच ठेवा, पुढच्याला लागतातच. गिटारसाठी मात्र फोन करा, मेसेज नको. गिटार कोणी विसरत नाही.